इकबालभाईचा अर्धा रोल

"रोल संपू दे."

रोह्याच्या बाजारात इकबालभाईच्या स्टुडिओची पायरी चढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. पासपोर्ट फोटोसाठी कोणी आलं की तो त्याला स्टुलावर बसवायचा, शेजारच्या माझ्या शिलाईच्या दुकानातून काळा कोट मागवून त्याच्या अंगात चढवायचा, बोटाने हनुवटी वर करायचा आणि खटका दाबायचा. फोटो मात्र छत्तीसचा रोल भरल्याशिवाय धुवायचा नाही. रोल मध्येच कापणं म्हणजे त्याच्या लेखी हिरवं भात कापणं. गिऱ्हाईक हेलपाटे घालायचं, अर्जाची मुदत टळायची, शिव्या माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायच्या. हा आपला काच पुसत बसलेला.

अशा माणसाला त्याच्या लेकाने इंटरनेटवरच्या मंडळात घातलं.

नव्व्याण्णव साल होतं. तमीम बहारीनला कंपनीत कामाला. त्याने फोनवर सांगितलं की जगभरातली माणसं एका वेबसाइटवर आपापल्या गावाचा रोज एक फोटो लावतात, तिथे मी अब्बांचं नाव घातलंय, जेवणाच्या सुट्टीत मला रोज रोहा दिसेल. आजचा फोटो आजच यायला हवा. आठवडाभर आला नाही तर नाव काढतात. पेणला त्याच्या दोस्ताने, प्रणितने, सायबर कॅफे टाकला होता. त्याच्याकडे फोटो पोचवायचा, पुढचं तो बघणार.

इकबालभाई हरखला. सकाळीच कुंडलिकेच्या पुलावर जाऊन त्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मासळीबाजाराचा. नंतर जवळच्या वरसे गावातल्या घरी अंगणात जवळा सुकवणाऱ्या बायकोचा, शरीफाभाभीचा. रोज एक, चुकवला नाही. मी विचारलं, पेणला किती पोचले?

एकही नाही. रोल संपला की सगळे एकदम देणार, म्हणाला. रोजचा रोज काढतोय ना, मग नियम कुठे मोडला?

मी कपाळाला हात लावला. सुट्टीचे दिवस, पासपोर्टला कोणी फिरकत नव्हतं. त्या चालीने रोल संपायला पावसाळा उजाडला असता. समजावून माझं तोंड दुखलं, पण त्याची मान हलेना.

मग एका सकाळी शरीफाभाभी घरून तरातरा चालत आली. तमीमचा फोन आला होता. अब्बांच्या नावाखाली रोज रिकामी चौकट दिसते, आणि आज फोटो आला नाही तर नाव जाणार.

"रोल अर्धा पण नाय झाला गो," इकबालभाई म्हणाला. "बाकीचा फुकट जाईल."

"मग भरून टाका. भिंतीचे काढा, माझ्या चपलांचे काढा."

"उगाच कोण खटका दाबतो?"

ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आवाज मात्र खाली आला. "पोरगा घर बघायला बसतो तिथे. तुमचा रोल संपायची त्याने किती वाट बघायची?"

इकबालभाई बराच वेळ काच पुसत राहिला. मग कॅमेरा उचलून म्हणाला, "हलू नको."

खटका वाजला. तो माझ्याकडे वळला. "कात्री दे रे."

कापडाची माझी कात्री घेऊन तो अंधाऱ्या खोलीत गेला. दार लागलं. कात्रीचा आवाज आम्हाला दोघांना ऐकू आला.

बाहेर आला तेव्हा हातात दमट फोटो होता. दारात उभी, कमरेवर हात, भुवया चढलेल्या.

"ह्यो नको, तोंड बघा माझं," भाभी म्हणाली.

"आजचा ह्योच हाय."

फोटो दोन कोपऱ्यांना धरून, वाऱ्यावर वाळवत, तो पेणच्या एस.टी.साठी स्टँडकडे निघाला. स्टुडिओला कुलूप घालायचंही त्याला सुचलं नाही. वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत शरीफाभाभी पायरीवरून बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मघाशी फोटोच्या वेळी ओढायचा राहून गेलेला.