दोरीला हवी तेवढी वाळू

इनासने दिगूला फसवले, आणि त्या व्यवहारात मधला माणूस मी होतो. हे आधीच सांगून टाकतो; कारण त्या संध्याकाळचा उजेड आणि चव आठवू लागलो की माझा राग पातळ होतो, आणि तो पातळ व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले होते. तारकर्लीच्या माडांत उतरत्या उन्हाचे केशरी पट्टे आडवे पडले होते, खाऱ्या वाऱ्याला नुकती कुठे थंडी शिवली होती, आणि इनासच्या खानावळीच्या मागल्या दारातून लसूण, मिरी आणि माडीपासून आंबवलेला शिर्का यांचा आंबूस, उबदार दरवळ अंगणभर रेंगाळत होता. इनास वीस वर्षे बोटीवर होता. तिथल्याच एका फिलिपिनो आचाऱ्याच्या बहिणीशी, लोर्नाशी, त्याने लग्न केले, दोन वर्षांपूर्वी तो एकटा गावी परतला, वर्षापूर्वी तिलाही घेऊन आला, आणि वडिलार्जित माडबागेत पाच टेबले मांडून तिच्या देशाचे जेवण विकू लागला. पर्यटक दारावरच्या पाटीवरची पदार्थांची अनोळखी नावे वाचून हसत आणि आत शिरत. आम्ही मात्र वर्षभर तिकडे फिरकलो नव्हतो. शेवटी त्यानेच निरोप धाडला की शाळेतले आपण तिघे एकदा बसू या. दिगूला मी जवळजवळ ओढत नेले. मी जेवायला चाललो नव्हतो. वाळूचा सौदा तोडायला चाललो होतो.

दिगू आमच्या किनाऱ्यावरच्या रापणीचा मुख्य. रापण ज्याने ओढली नाही त्याला ती सांगून कळणे कठीण. होडी समुद्रात जाळे अर्धगोल सोडून येते. त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढतात, आणि ओढता ओढता एकमेकींकडे पावलापावलाने सरकत येतात, जणू दोन घरची माणसे लांबून हात पसरून भेटायला निघावीत. दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा; जात नाही, वय नाही, ओळख नाही. माझे वडील गेले त्या वर्षी आईने आणि मी दिगूच्या आजोबांच्या रापणीला हात लावला, आणि त्या वाट्यावर आमच्या घरात चूल पेटली. पुढे कुडाळच्या बाजारात मी मासळीचा व्यापारी झालो, कुणाच्या शिफारशीवाचून झालो. पण सुरुवात त्या दोरीची.

परतल्यावर इनास पहिल्यांदा माझ्याकडे आला होता. लाटा माडांची माती खातात, एका मोसमापुरता बागेपुढच्या वाळूत झावळ्यांचा कूड घालू दे, रापणकारांना तू सांग, असे म्हणाला. आमच्याकडे वाळूच्या जागेचा लेखी कागद नसतो. शब्द घ्यायचा, समुद्राकडे तोंड करून नारळ ठेवायचा, झाले. माशाचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय मी सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाही. पण ज्याच्या शेजारी सात वर्षे एका बाकावर बसलो, त्याच्याकडे कागद कसा मागायचा? मी दिगूच्या दारापुढच्या खळ्यात बसून घरोघरच्या म्हाताऱ्यांची समजूत घातली. नारळ माझ्याच हाताने ठेवला. मोसम संपायच्या आत कुडाच्या जागी चिऱ्याची भिंत उभी राहिली, भरतीचे पाणी तिच्या पायाला लागू लागले, आणि दोन टोळ्यांच्या मधली वाट तुटली. दोनदा रापण घातली. दोन्ही वेळा एक टोळी भिंतीशी अडली, जाळे तिरके झाले, मासा निसटला. नंतर दिगूची माणसे पांगली. काही मालवणला ट्रॉलरवर गेली, काही इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यातल्या हॉटेलांत.

त्या संध्याकाळी लोर्नाने पहिल्यांदा पुढ्यात ठेवली ती कच्ची सुरमई. शिर्क्यात मुरवलेली, वर नारळाचा दाट रस आणि आल्याच्या सळ्या. दिगूने वाटी डोळ्यांशी नेली.

“काय रे मेल्या, चूल पेटूक नाय काय आज?”

“चूल नको,” लोर्ना हसत म्हणाली. नवऱ्याकडून शिकलेली तिची मालवणी, तिच्या तोंडात थोडी गोलसर झालेली. “शिर्कोच रांदता.”

मग बिंबल नावाच्या हिरव्या फळाच्या आंबटाणात शिजवलेल्या माशाचा पातळ रस्सा आला, आणि मला माझ्या आईच्या हातचे सार आठवले. तेवढ्यात ती हात पुसत आमच्याशेजारी येऊन बसली.

“आमच्या गावात अशीच रापण आसा. दोनय बाजूंनी ओढतत. इनासान सांगल्यान, हय पण लागता. त्या ऐकान मी इलंय.” तिने एकेकाकडे पाहिले. “वर्स झाला, माका एकव दिसाक नाय. खंय गेली?”

आम्ही तोंड उघडण्याआधीच इनास म्हणाला, “मासो कमी झालो गो.”

“जाळा आसा मा पण?” तिने दिगूला विचारले.

“आसा. माळ्यार आसा.”

“मगे घाला एकदा. माका बोलवा. माका ओढूक येता.”

दिगू रश्श्यातले एक बिंबल बोटाने फिरवत राहिला. त्या चिऱ्यांची हकिगत तिला सांगणे म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी तिने आपला किनारा सोडला तो तिच्याच घराने बुजवला आहे, हे सांगणे. मी भात कालवत राहिलो.

बाहेर पडल्यावर मी इनासला भिंतीशी गाठले. तो शांतपणे म्हणाला, “मी नाय बांधलंय असतंय, तर दुसऱ्यान बांधल्यान असती. आणि नारळ तूच ठेवलंस मा?”

माझा हात उठला होता. दिगूने तो मनगटाशी धरला.

“सोड रे बाबल. ज्याच्या पानाक बसलंव, त्याच्या दारात भांडूचा नाय.”

तो वाळूतून निघून गेला, भिंतीला वळसा घालून, गुडघाभर पाण्यातून. मावळतीचा शेवटचा तांबूस उजेड पाण्यावर होता आणि त्यात त्याची पाठ लहान लहान होत गेली. आयुष्यभर मी समोरच्याचा भाव पाडत आलो. त्या क्षणी माझ्याकडे द्यायला काही नव्हते आणि मागायला जागा उरली नव्हती. जेवून मी माझेच तोंड बंद करून घेतले होते.

पण इनास, खाल्ल्या अन्नाची आण मी एकदाच पाळली. दिगूला उत्तर देऊ नकोस, त्याने ते मागितलेले नाही. मलाही देऊ नकोस. मी तुझा जामीन होतो, माझा दोष माझ्याजवळ आहे. पण ती बाई उद्या पुन्हा विचारील, परवाही विचारील. मासा कमी झाला हे तिला किती दिवस पुरेल? तिला त्या भिंतीशी उभी कर आणि तुझ्या तोंडाने सांग, रापण कुणी थांबवली. कधी सांगतोस, बोल.