दार मी नव्हतं लावलं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला "आधी सांग, किती घेतली होतीस?" असं विचारणारा मी माणूस. रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माप बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट... त्यापलीकडे आयुष्यात कधी फारसा विचार केला नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण बायको म्हणाली, "लिही. हसले तर हसले." म्हणून लिहितोय.

मी घणसोली गावातला. म्हणजे जन्म इथला, भाड्याच्या खोलीतला. आम्ही बौद्ध, मूळचे कोकणातले — एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कोकणात कुठले, ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही. वडिलांचे आजोबा, सोनू त्यांचं नाव, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून इराककडे लढायला गेले. जिवंत परत आले, मुंबईच्या गोदीत कामाला लागले, लग्न केलं. पण गावाचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलंच तर, "माझं गाव मला मेलं," एवढंच म्हणायचे. का ते नाही सांगितलं.

वडिलांना हे लागायचं. बोलायचे नाहीत, पण दिसायचं. मे महिन्यात निम्मी चाळ गावाला जायची. वडील गच्चीवर उभे राहून लोक बॅगा घेऊन निघताना बघायचे आणि मग खाली येऊन उगाच पंखा पुसायला घ्यायचे.

मला नाटकाचा नाद. आमच्या ग्रुपमधली मनाली नोकरी सांभाळून एक सिनेमा करत होती. मोठं बॅनर वगैरे काही नाही, मित्रमंडळींनी सुट्टीच्या दिवशी मिळून केलेलं काम. गोष्ट युद्धावर गेलेल्या एका कोकणी शिपायाची, राघूची. तिकडे लोक त्याला परका समजतात आणि इकडे परत येतो तर इथेही तो कोणाचा राहिलेला नसतो. राघूचं काम माझ्याकडे आलं. मनालीला मी फक्त "माझे पणजोबा युद्धावर होते" एवढं बोललो होतो. त्यांचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

राघूच्या आईचं काम हिरा आजीला दिलेलं. हिरा आजी म्हणजे आमची घरमालकीण, घणसोलीतली जुनी आगरी बाई. आमचे कपडे, बूट, लाकडी बंदुका तिच्याच पडवीत पडलेल्या असायच्या. मनालीला तिचा चेहरा आवडला. आजी म्हणाली, "पोरी, मना एकच वाक्य देशील त येते. जास्ती पाठ नाय व्हनार." कोकणात ती जन्मात गेलेली नव्हती. पनवेलच्या पुढे जायचं म्हटलं की तिला उलटी व्हायची.

शूटिंग उरणजवळ द्रोणागिरीला, गोदामांच्या मागे खाडीला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीवर. कॅमेरा एका अंगाला वळवला की कंटेनरचे ढीग. दुसऱ्या अंगाला नुसता चिखल, गवत आणि पाणी. युद्धाचे सीन तिथेच केले होते आणि शेवटचा सीनही तिथेच होता. राघू गावाच्या वाटेवर पोचतो. आई समोरून येते, त्याच्याकडे बघते, ओळखत नाही. "कोन पायजे?" असं विचारते आणि निघून जाते. बस. सिनेमा संपला.

भर दुपार होती. ऊन डोळ्यांवर येत होतं. मनाली "ॲक्शन" म्हणाली आणि मी चालायला लागलो. समोरून आजी आली. ठरल्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं...

आणि थांबलीच. मला वाटलं, वाक्य विसरली. मी हळूच ओठ हलवून "कोन पायजे" असं सुचवलंसुद्धा. पण ती पुढे आली. ठरलेल्या जागेच्या खूप पुढे. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. तिचे हात गरम होते — चुलीपुढून उठून आलेल्या बाईचे असतात तसे.

"आलास काय रं सोन्या?" ती म्हणाली. "मुसळकोंडाची वाट इसारला नायस ना?"

हिरा आजीचा आवाज खणखणीत, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. हा आवाज बारीक होता, दमलेला. बोलीही तिची नव्हती. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"दार मी नव्हतं लावलं रं. मी पान्यावर गेली व्हती. आली तर तू गेलेलास..."

मी रडत होतो. ॲक्टिंग नाही, खरंच. भीती म्हणाल तर अजिबात वाटली नाही. लहानपणी ताप उतरल्यावर कसं हलकं वाटायचं, तसं काहीतरी झालं. मनालीने कट म्हटलंच नाही. शेवटी आजीच वळली आणि ठरल्याप्रमाणे फ्रेमच्या बाहेर गेली.

तिच्या मागोमाग गेलो तर ती नेहमीसारखी उभी, पदराने वारा घेत.

"बराबर झाला ना र? बोलली ना मी, कोन पायजे?"

"आजी, तुम्ही दुसरंच बोललात."

"चल! एक तर वाक्य होता. तेवढा पन इसरू काय? च्या सांग मना."

मनालीने मला बाजूला घेतलं. "हे तू शिकवलंस तिला?"

"मी कशाला शिकवू? आणि सोन्या कोण ते तुला माहितीये का?" मग मी तिला पणजोबांचं नाव सांगितलं. तिने लगेच रेकॉर्डिंग लावून बघितलं. सगळं होतं त्यात, शब्दन् शब्द. आजीला तेव्हा दाखवायचं नाही असं आम्ही ठरवलं. वय झालेलं, उगाच घाबरायची.

घरी येऊन वडिलांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "परत लाव." असं किती वेळा लावलं काय माहीत. मग शर्ट चढवून ते विहारात गेले आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला विचारत सुटले. संगमेश्वरकडचे एक गृहस्थ म्हणाले, "मुसळकोंड? आहे की. आमच्या पलीकडची छोटीशी वाडी. तुम्हाला कसं ठाऊक?" वडिलांनी आधी वाडीला जायची वाट लिहून घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. बौद्धवाडीत चौकशी केल्यावर लोकांनी आम्हाला अनसूया आजींकडे नेलं. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. वडिलांनी फक्त विचारलं, "इथला सोनू म्हणून कोणी लढाईवर गेलेला का?" शूटिंगचं एक अक्षर काढलं नव्हतं.

आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या आजेसासूचा धाकटा दीर त्यो. मेला म्हनून सांगावा आला व्हता. दिवसकार्य पन केलं. आन् एक दिवस दारात हुबा! आजेसासू घरात एकली. तिला वाटलं, भूत आलं. तिनं दार लावून घेतलं. त्यो हाका मारून मारून गेला."

"आणि त्याची आई?" मी विचारलं.

"म्हातारी पान्यावर गेलेली. आली, समाजलं, तशी धावली. पार खाडीपातूर गेली. मंग मरस्तवर येनाऱ्या-जानाऱ्याला सांगत बसायची, दार मी नव्हतं लावलं. आजेसासूला पन ते जल्मभर खाल्लं बघा."

वडील तिथेच ओट्यावर बसले. रडले नाहीत. ओट्याच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिले. जरा वेळाने आजींनी बोटांवर नातं लावलं आणि एकदम डोक्यावर पदर ओढून घेतला.

"अगो बाय! म्हंजे तुमी माझं दीर लागता की!"

सत्तरीचे माझे वडील लाजले. खरंच लाजले. मग घावणे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबार झालं, वाडीतली पोरंबाळं बघायला जमली. निघताना आजी मला म्हणाल्या, "आता रस्ता घावलाय, येत ऱ्हा." वडील यंदा भात लावणीला जाऊन आले. चिखलात पाय सरकून पडले, तरी फोनवर आवाज असा की लॉटरी लागलीये.

मी माझ्या परीने कारणं शोधून बघितली. हिरा आजीने कुठेतरी ऐकलं असेल? कोणाकडून? आमच्या घरातच कोणाला माहीत नव्हतं. योगायोग म्हणावा, तर त्या म्हातारीचंच वाक्य, जसंच्या तसं? आमच्या कारखान्यात अशा पार्टवर लाल टॅग लावून बाजूला ठेवतात. मीही तसंच ठेवलंय. माप बसत नाही आणि फेकवतही नाही.

मनालीने सिनेमाचा शेवट बदलला. तोच टेक ठेवला. मागच्या महिन्यात घणसोलीतल्या एका हॉलमध्ये आम्ही ओळखीच्यांना सिनेमा दाखवला. हिरा आजी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती, मी शेजारी. शेवटचा सीन आला. पडद्यावर ती माझा हात धरून बोलत होती, आणि शेजारी बसलेली आजी पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होती.

"ही बाय कोन र?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "आजी, तुम्हीच ना."

"ह्या! मी कशी असन?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. मग पदराने डोळे पुसले. "पन चांगली हाय हो बाई. पोराला वलखला तिनी."