ओरिजिनलमध्ये तीन क्वालिटी

जुनी गाडी बाळगणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस पार्ट शोधायला बाहेर पडतो, पार्ट मिळत नाही, आणि किस्सा घेऊन घरी येतो. माझ्याकडे आता पार्ट कमी आणि किस्से फार झालेत.

उभी हयात दिल्लीत रिपोर्टिंग केलं. भल्याभल्या मंत्रालयांच्या बंद दारांआडून बातम्या काढल्या. पण या शहरातून ॲम्बॅसेडरचं एक धड ब्रेक-रबर मला काढता आलं नाही!

आमचा कंपू तिघांचा. मी गुरुग्रामच्या एका सोसायटीत राहतो. दुसरे सुभेदार कदम, मूळ साताऱ्याकडचे, फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात नोकरी गेली, आता कँटोन्मेंटजवळ राहतात. तिसऱ्या साळवीबाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, घर पहाडगंजला. तिघांकडे एकाच काळातल्या मार्क टू ॲम्बॅसेडर. माझी वडिलांची. केंद्र सरकारातल्या कारकुनाने फंड मोडून घेतलेली.

आणि नियम असा, की पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की दिल्ली-परिसरात ती कचरा. पन्नास वर्षांची झाली की वारसा! मात्र अट एकच. गाडी मूळ रूपात पाहिजे, सगळे पार्ट ओरिजिनल. तपासणीत पास झाली तर व्हिंटेजचा कागद, नाहीतर भंगार. मधली पस्तीस वर्षं ती ओरिजिनल कशी ठेवायची, हे विचारायला मी संबंधित अधिकाऱ्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "सर, ये तो आपका पर्सनल मैटर है."

*

कश्मीरी गेटच्या पार्ट मार्केटमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने आधी चहा मागवला. मग विचारलं, "ओरिजिनल चाहिए या ओरिजिनल जैसा?"

मी ताठ्यात म्हटलं, "ओरिजिनल!"

"अच्छा जी. ओरिजिनल में तीन क्वालिटी हैं."

कदम माझ्या कानाशी लागले. "पत्रकार, मधली घ्या. वरची आणि खालची एकाच पोत्यातून काढणार आहे तो."

*

मधली घेतली. धौला कुआँच्या उतारावर ब्रेकचं पेडल सरळ जमिनीला टेकलं. नवं रबर ब्रेक-ऑइलमध्ये फुगून पार भजं झालं होतं. गाडी पोलिसांच्या बॅरिकेडला टेकून थांबली. शेजारी बसलेल्या साळवीबाई येशूचं नाव घेत होत्या, मागे कदम भवानीमातेचं, आणि खिडकीशी हवालदार लायसन्स मागत होता.

दुसऱ्या दिवशी ते रबर घेऊन मी दुकानात. आवाज एवढा चढवला की शेजारची दोन दुकानं गोळा झाली. "मेलो असतो मी! ब्रेक लागलाच नाही!"

दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लगा तो होगा, भाईसाहब. आप सामने खड़े हो!"

*

बाजाराला कंटाळून ऑनलाइन मागवलं. 'ओरिजिनल स्टीअरिंग व्हील, क्लासिक ॲम्बॅसेडर, मर्यादित साठा.' वडिलांच्या चाकाला तडा गेला होता. त्यांच्या दोन्ही हातांच्या जागी ते झिजून गुळगुळीत झालं होतं, ते बदलायचं मनातून नव्हतं. पण तपासणीसाठी एक सुटं असावं म्हणून मागवलं.

खोका आला. तळहातावर मावेल एवढा. आत बांगडीएवढं स्टीअरिंग. शोकेसमध्ये ठेवायच्या मॉडेलचं!

कदमांनी ते चिमटीत धरून गाडीच्या दांड्याला लावून पाहिलं. "पार्ट बरोबर पाठवलाय हो. आपलीच गाडी मोठी निघाली."

*

साळवीबाईंच्या गाडीचं डाव्या दाराचं हँडल तुटलं होतं. क्रोमचं, बटणवालं. दिल्लीभर शोधलं. शेवटी ते गुरुग्रामला एका कॅफेत सापडलं. अर्धी ॲम्बॅसेडर कापून तिचा बिलिंग काउंटर केलेला, आणि दाराला हँडल शाबूत!

बाईंनी हात लावल्याबरोबर मॅनेजर धावला. "मैम, प्लीज़! एंटीक है!"

"बेटा, मेरे पास पूरी है. बाहर खड़ी है. इसका हैंडल दे दो, मैं दुसरा नया लगवा दूँगी." बाईंचं हिंदी इतक्या वर्षांनंतरही असंच.

मॅनेजरने काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर पोलिसांची क्रेन बाईंची गाडी उचलत होती.

कॅफेतली अर्धी गाडी अँटीक. रस्त्यावरची अख्खी गाडी गुन्हा. मी यावर लेख लिहिला. संपादकांनी तो कुठे छापावा? 'लाइफस्टाइल' पानावर, त्याच कॅफेच्या जाहिरातीखाली!

*

मायापुरीच्या भंगार बाजारात मी वर्षानुवर्षं जातोय. एके काळी या शहरात साहेबलोकांच्या पांढऱ्या ॲम्बॅसेडर कबुतरांसारख्या बसलेल्या असायच्या. एवढ्या गाड्यांचे पार्ट गेले कुठे?

भंगारवाला दर वेळी हळहळतो. "दो साल पहले आते, साहब. सब गला दिया."

दोन वर्षांपूर्वीही गेलो होतो. तेव्हाही हेच म्हणाला होता.

*

कुणीतरी सांगितलं, पानिपतला एका हातमाग कारखानदाराच्या गोदामात ॲम्बॅसेडरचा जुना माल पडून आहे. तिघं बसने गेलो. गोदामात खरंच बेअरिंग, बुश, पितळी जोड, सगळ्यांचे ढीग. मालक लाल्याने विचारलं, "सैंपल लाए हो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साळवीबाईंना वाटलं कदमांनी घेतलाय, कदमांना वाटलं मी. नमुन्याचा झिजलेला बुश गुरुग्रामला माझ्या डायनिंग टेबलावर. आणि माप कुणालाच पाठ नव्हतं.

"कहाँ के हो आप लोग?"

"महाराष्ट्र के," कदम छाती काढून म्हणाले.

लाल्याने मान डोलावली. "पिछली बार भी पूरी तैयारी से नहीं आए थे."

पुढच्या आठवड्यात नमुना घेऊन गेलो. गोदाम रिकामं. माल भंगारात गेला होता.

*

शेवटी आम्ही एक पद्धत पाडली. तिघांत मिळून खणखणीत असा कार्ब्युरेटर एकच होता, कदमांचा. ज्याला गाडी काढायची असेल त्याच्याकडे तो जायचा. शनिवारी साळवीबाईंचा फोन ठरलेला. "अहो, उद्या चर्चला जायचंय. कार्ब्युरेटर पाठवा!" हळूहळू स्पीडोमीटर फिरायला लागला. मग वायपरची मोटर. माझी बायको विचारायची, "आज आपल्याकडे काय आहे?" भाजीचं विचारल्यासारखं.

एकदा कदम तो कार्ब्युरेटर धुऊन-पुसून डब्याच्या पिशवीतून मेट्रोने आणत होते. सिक्युरिटीच्या मशीनमध्ये पिशवी अडकली.

"ये क्या है, अंकल?"

"फेफड़ा है, बेटा. पेशंट गुड़गाँव में है."

जवानाने पिशवी दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

*

आणि मग तपासणीचा निरोप आला. तिघांनाही. एकच दिवस, एकच वेळ!

मी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटले. तारीख बदलून मागितली. "सर, सिस्टम ने दी है," एवढंच उत्तर. गैरहजर गाडी नापास, आणि नापास गाडी भंगारात. तिन्ही गाड्या आमच्या सोसायटीत ओढून आणल्या, आणि माझ्या गाडीत बसून कदमांनी हिशेब मांडला. तीन गाड्या, धड पार्ट एका गाडीपुरते.

"फौजेत असंच करतात," ते म्हणाले. "तीन बंद पडल्या तर एक चालती करायची."

"कोणती?" मी विचारलं. कदम गाडीतून उतरले. पाना घेऊन खाली वाकले आणि माझ्या गाडीचा पत्रा ठोकत गेले. ड्रायव्हरच्या पायाखाली पाना आरपार गेला. मग त्यांनी आपल्या गाडीची चासी दाखवली. तडा गेलेली. साळवीबाईंचा सांगाडा तेवढा खणखणीत वाजला.

मी भांडलो. भांडण हाच माझा पेशा. वडिलांची गाडी आहे, म्हटलं. कदम म्हणाले, "माझी मी स्वतःच्या कमाईची घेतलीय, पत्रकार." साळवीबाई म्हणाल्या, "मला नको तुमचं काही," आणि पदराने बॉनेट पुसत राहिल्या.

कदमांनी आपली गाडी स्वतः उघडली. कुणाला हात लावू दिला नाही. कार्ब्युरेटर, ग्रिल, डाव्या दाराचं हँडल, एकेक काढून चादरीवर मांडलं. माझ्याकडचे दिवे, बंपर, वायपरची मोटर निघाली. साळवीबाईंचं स्टीअरिंग मागेच बदललेलं, नकली होतं. वडिलांचं काढायला मला जमेना. शेवटी तेही कदमांनीच काढलं. तडा सांधला आणि तिकडे बसवलं. उरलेले दोन सांगाडे ट्रकवर चढले तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने मला पार्किंग रिकामं केल्याबद्दल थँक्यू म्हटलं.

तपासणीच्या दिवशी तिघं एकाच गाडीतून गेलो. अधिकारी तरुण होता, पण काम जाणणारा. बॉनेट उघडून, खाली वाकून, दारं उघडझाप करून त्याने सगळं पाहिलं. स्टीअरिंगवरच्या झिजलेल्या जागांवर बोटं फिरवली.

"कमाल है! सब कुछ ओरिजिनल! मैंने आज तक ऐसी गाड़ी नहीं देखी."

त्याने शिक्का मारला. मग कागद चाळले. "लिस्ट में तो तीन गाड़ियाँ हैं. बाकी दो?"

साळवीबाई दुसरीकडे पाहत होत्या.

कदम सावधानमध्ये उभे राहिले.

"इसी में हैं, सर."