पासिंगच्या आदल्या संध्याकाळचं तेल

माझी गाडी पंधरा वर्षांची झाली, तेव्हा तिला निरोप द्यायची तयारी माझ्या भावानं पुण्यात बसून केली. पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते. मग गाडी पुन्हा तपासणीला न्यायची, पास झाली तर आणखी पाच वर्षं मिळतात. आमच्याकडे या तपासणीला सरळ 'पासिंग' म्हणतात. भाऊ फोनवर म्हणाला, "कायले त्या डबड्याच्या नादी लागून राह्यली? देऊन टाक भंगारात. लागन तवा भाड्याची गाडी बोलवत जा."

"माह्यी गाडी हाये, माह्या पगाराची," मी म्हटलं. "तुले काहून टोचून राह्यली?"

शब्दानं शब्द वाढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की एका खेपेत पास झाली नाही तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन. रागात माझी जीभ माझं ऐकत नाही. मी शिकवते त्या शाळेतली मुलंसुद्धा हे ओळखून आहेत.

फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोलून बसलो ते. आमचा बंजाऱ्यांचा तांडा बोरी अरबपासून थोडा आत आहे. एसटी फाट्यावर थांबते आणि तिथून पुढं पाय चालवायचे. माझी शाळा तर त्याच्याही पलीकडं, जिथं एसटी जातच नाही. घरात मी आणि बा, म्हणजे माझे वडील, दोघंच. बाचा खुबा मोडला तेव्हापासून त्याला मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. बोरीचा बाजार, बहिणीचा तांडा, कुणाचं लग्न, कुणाची माती, सगळीकडं तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून जातो. घराचं बांधकाम नुकतंच उरकलेलं, त्यामुळे दुसरी गाडी इतक्यात होणार नव्हती. ही गेली असती तर आम्हा दोघांनाही दुसऱ्याच्या सवडीनं जगावं लागलं असतं. मला ते जमत नाही आणि बाला तर मुळीच नाही.

गाडी मी कशी ठेवली आहे ते सांगते, कारण त्याचा मला तोरा आहे. इंजिन ऑइल वेळेवर. एअर फिल्टर कापसाच्या हंगामात दोनदा, कारण त्या दिवसांत रस्त्यावरची धूळ आणि कापसाचा कस्तर, म्हणजे बारीक तंतू, दोन्ही त्यात जाऊन बसतात. पावसाळाभर दर रविवारी चाकांच्या वरच्या पोकळीतली काळी माती उकरून काढायची, नाहीतर ती तिथंच वाळते आणि पत्रा खाते. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी. दारव्ह्याचा मिस्त्री मला म्हणतो, "मॅडम, तुमच्यासारखे दहा गिऱ्हाईक भेटले त माह्यं दुकान बंद पडन."

ही सगळी शिस्त मला मिस्त्रीनं नाही, बानं लावली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. बाच्या वाट्याला तो व्यवहार आला नाही, शेती आली, पण बैलाकडं बघायची नजर त्याच्यात जशीच्या तशी उतरली. जुंपायच्या आधी तो बैलाभोवती एक फेरी मारायचा. मानेवरून हात फिरवून खांदा सोलला का बघायचा, एकेक खूर उचलायचा आणि शेवटी बैल रात्रभर जिथं उभा होता ती जमीन बघायचा. "आधी जागा पाह्य, मंग जनावर हालव," असं तो मला सांगायचा. बैलजोडी विकून आता बरीच वर्षं झाली. त्याच गोठ्यात गाडी उभी राहते. दावणीचा खुंटा बानं उपटू दिला नाही, त्यामुळे माझ्या पुढच्या बंपरवर एक ओरखडा कायमचा आहे. पण रोज सकाळी मी गाडीभोवती फेरी मारते, टायर दाबते, ऑइलची पट्टी काढून बघते, आणि गाडी हलवायच्या आधी खालची जमीन बघते. पाण्याचा थेंब असो की तेलाचा, मला कळल्याशिवाय राहत नाही.

पासिंगच्या तारखेआधी महिनाभर मी गाडीच्या हात धुऊन मागं लागले होते. दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा टूथपेस्टनं घासल्या. वायपरची रबरं नवी, मागचा एक बल्ब नवा, हॉर्न खणखणीत. राहिलं ते एकच. शेवटच्या चार दिवसांत हळू जाताना पुढच्या चाकातून कुईऽऽ असा आवाज येऊ लागला. ब्रेकचे पॅड झिजत आले की असा आवाज येतो, हे मला माहीत होतं. नवे पॅड आणून डिकीत टाकलेलेही होते. पण मिस्त्री म्हणाला होता की जुने अजून महिनाभर चालतील, आणि मी मनाशी ठरवलं की सगळं नीट चालू असताना ऐन वेळी चाकाला हात नको, पासिंग झाल्यावर बघू. आवाज आला की मी काच वर करून घ्यायची. शेजारच्या सीटवर बा बसलेला असायचा. तो चाकाच्या बाजूला मान वळवायचा.

पासिंगच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गोठ्यात गेले. अकराला यवतमाळात हजर राहायचं होतं. फेरी मारली, ऑइल बघितलं, वाकून जमीन बघितली. पुढच्या दोन्ही चाकांखाली तेलाचे डाग होते, एकेक रुपयाएवढे. ब्रेक ऑइल गळतंय, गाडी संपली, भाऊ जिंकला, हे सगळं एका श्वासात डोक्यात येऊन गेलं. मग मी बोट बुडवून वास घेतला. तो ब्रेक ऑइलचा वास नव्हता. तो लहानपणापासून ओळखीचा वास होता. एरंडीचं तेल.

समोर कुडाला एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, खोचलेली दिसली. तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली आणि चिंधी तेलानं चिंब.

घरात आम्ही गोरबोली, आमची बंजारा भाषा, बोलतो, पण भांडण मात्र वऱ्हाडीत होतं. का ते माहीत नाही, कदाचित वऱ्हाडीत ओरडायला सोपं जात असेल.

"बा! चाकाले काय लावलं तू?"

बा ओसरीत चहा पीत होता. "तेल लावलं," तो म्हणाला. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. "आज दूर जाचं हाये न. काल संध्याकाळीच लावून ठेवलं. ते चकचकीत ताट हाये न आतमंदी, तेच घासून राह्यलंतं. दोन्हीकडून चांगलं चोपडलं."

चकचकीत ताट म्हणजे ब्रेकची डिस्क. चाक थांबतं ते त्या ताटाला पॅडनं आवळून धरल्यामुळे. बैलगाडी गावाबाहेर न्यायची असली की आदल्या संध्याकाळी आसाला वंगण घालायचं, कुरकुरत गाडी नेली तर चार माणसं नावं ठेवतात, ही बाची सत्तर वर्षांची रीत. खुबा मोडलेला माणूस पोत्यावर आडवा झाला होता आणि चाकाच्या भोकांतून तुराटी घालून त्यानं माझे दोन्ही ब्रेक तेलात न्हाऊ घातले होते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. अर्धा तांडा गोळा झाला एवढंच सांगते. "मारलं असतं न आपल्या दोघायले! फाट्यावरच्या उतारावर गाडी कायनं थांबोली असती, तुह्या पागोट्यानं?" असं शेवटी म्हटल्याचं आठवतं. बा उठून उभा राहिला होता.

"मले काय मालूम," तो म्हणाला. "चार दिस झाले, चाक बोंबलून राह्यलं. तू काच लावून घेऊन राह्यली. मले वाटलं, पोरीले टाइम नाही, आपणच करावं."

चार दिवस ते चाक ओरडत होतं आणि मी, जिला गाडीची देखभाल करण्याचा एवढा तोरा, मी काच वर करत होते. ऐकलं ते बानं. त्याचा उपाय चुकला होता, पण माझं तर ऐकणंच चुकलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की आणखी राग आला, आणि त्या रागातच मी ओढणी कमरेला खोचली.

"पाणी गरम कर," मी म्हटलं. "आणि हात धू. राखेनं धू, दोनदा."

मागच्या चाकांना दगड लावले. पान्यावर उभी राहून चाकाचे नट सैल केले. पुढून जॅक दिला, चाक उतरवलं. दारव्ह्याच्या मिस्त्रीजवळ उभं राहून मी हे काम पाच वेळा बघितलं होतं, स्वतः एकदाही केलं नव्हतं. पॅड धरून ठेवणाऱ्या लोखंडी घोड्याचा एक बोल्ट लवकर सुटला, दुसऱ्यानं मात्र जीव घेतला. जुने पॅड हातात आले ते तेलानं निथळत होते. ते मी उकिरड्यावर फेकले. डिस्क गरम पाणी आणि निरम्यानं तीनदा घासली, मग शेजारच्या मोटारसायकलीतून बाटलीत काढलेलं पेट्रोल कोऱ्या फडक्यावर घेऊन पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत. शेजारची काकू कुडावरून म्हणाली, "माय व, पोरीनं त गाडी सोलूनच टाकली!" बा पालथ्या बादलीवर बसून होता. उतरवलेला प्रत्येक नट त्यानं आपल्या धुतलेल्या हातात घेऊन कोरडा पुसला आणि मागितला तसा दिला. मध्ये एकदा नाक खाजलं तर उठून पुन्हा हात धुऊन आला.

दुसरं चाक पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात झालं. नवे पॅड बसले, चाकं चढली. ब्रेकचं पायडल आधी थेट तळाला गेलं. मग मिस्त्री काय करतो ते आठवलं आणि मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, दहाव्या-बाराव्या वेळी पायाखाली कडक लागेपर्यंत. तांड्याच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पंधरा-वीस वेळा पळवली आणि थांबवली, आधी बैलाच्या चालीनं, मग जोरात. बा रस्त्याच्या कडेला उभा राहून चाकाकडे कान देत होता. शेवटच्या वेळी त्यानं हात वर केला. आवाज गेला होता.

यवतमाळात पोचलो तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. माझ्या नखांत काळं, कुडत्यावर काळं. आरटीओच्या साहेबांनी चॅसिसचा नंबर ताडून पाहिला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, सगळं बघितलं. मग शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालवा. मी थांबा म्हटलं की थांबवा." मैदानात मी वेग घेतला. ते "थांबा" म्हणाले आणि गाडी जागच्या जागी रोवली गेली, ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. साहेबांच्या मांडीवरचे कागद पायांत पडले. ते उचलताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

बा लिंबाखाली बसला होता. साहेब त्याला म्हणाले, "काका, पंधरा वर्षांची वाटत नाही गाडी. कोण ठेवतं?"

"हे पोरगीच ठेवते साहेब," बा म्हणाला. मी डोळे मोठे केले, पण तो थांबणारा थोडाच. "म्या त कालच तिचं वाटोळं केलतं. पोरीनं सकाळी निस्तरलं."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी सही केली. पास! मी मैदानातच भावाला फोन लावला आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "बरं बाई, जिंकली तू." हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आनंद झाला तर तो पुरता करून घ्यावा, असं माझं मत आहे.

परत येताना वाटेत चहाला थांबलो. बा उतरला तसं त्याच्या बाजूचं दार कर्रर्र वाजलं. तो दार धरून तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाला, "हे बोंबलून राह्यलं, बेटी. म्या काही करत नाही. नुसतं सांगून राह्यलो."

मी डिकी उघडली. मला माहीत होतं, असणार. स्टेपनीच्या बाजूला, फडक्यात बांधलेला, त्याच्या एरंडीच्या तेलाचा जुना डबा. मी तो त्याच्या हातात दिला आणि दाराच्या बिजागरीवर बोट ठेवलं. "इथं लाव. इथं पाह्यजेच त्याले."

त्यानं बोटानं एकेक थेंब सोडला, वर दोन, खाली दोन. दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. आवाज नाही. मग मागचं दारही मला न विचारता करून टाकलं. मी चहाचा ग्लास हातात घेऊन बघत राहिले आणि मला सकाळच्या एकेका शब्दाचं वाईट वाटलं. तसं मी त्याला सांगितलंही.

"असू दे," तो म्हणाला. बोटं पागोट्याला पुसून सीटवर बसला आणि गाडी सुरू झाल्यावर विचारलं, "त्या साहेबानं हिले किती वर्सं देल्ले?"

"पाच."

"मले कोण देते?"

"तुह्यी पासिंग माह्याकडे हाये," मी म्हटलं. "पट्टा लाव."

त्यानं पट्टा लावला. मी काच खाली केली, त्याच्याही बाजूची, आणि बोरीपर्यंत आम्ही दोघं चाकाचा आवाज ऐकत आलो.