त्यांच्या खिशातला माझा आवाज

आमचे हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. घाटंजीपासून उमरखेडपर्यंत किती शेतांच्या हद्दी त्यांनी आखून दिल्या असतील, कोण जाणे. त्याच माणसाला दोन वर्षांपूर्वी घरापासून चहाच्या टपरीपर्यंतची वाट सापडेनाशी झाली. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले. पण चालतात तोवर चालू द्या.

टपरी जुन्या कचेरीजवळची. रिटायर झालेली पाच-सहा माणसं तिथे सकाळी जमतात. तिथे एकट्याने जाणं, एवढीच यांची नोकरी उरली होती. मी सोबत निघाले की चिडायचे, "तू कायले येतं? मी का बालवाडीत जाऊन राह्यलो?"

अमरावतीहून लेक आली आणि तिने त्यांच्या फोनमध्ये रस्ता सांगणारी बाई बसवली. पहिल्याच दिवशी ती बाई म्हणाली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." दुसरं कोणी असतं तर अंदाजाने वळलं असतं. यांनी पावलं मोजली. दोनशे मीटर भरले तिथे डावीकडे परक्या घराचं फाटक होतं. हे आत. अंगणात पापड वाळत होते, त्यांना वळसा घालून ओसरीवर बसले. आम्ही शोधत पोचलो तेव्हा पोहे खात होते. वर मलाच सुनावलं, "मोजणी बरोबर आहे. रस्ता चुकला."

मी हसले. लेक रडली. "आई, आता फाटकाला कुलूप लाव. उद्या गाडीखाली आले म्हणजे?"

कुलूप मला नवं नव्हतं. सासूबाई अशाच भरकटू लागल्या तेव्हा मी तिशीतली, बीए झालेली, शाळेत भूगोल शिकवणारी. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली कमरेला, आणि शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे कसं सगळं व्यवस्थित असतं!" काय ती ऐट! वर्गात नकाशा टांगून पोरांना जगाच्या वाटा दाखवायची आणि घरातल्या म्हातारीला अंगणाची वाट बंद. सासूबाई आतून कडी वाजवायच्या. बाईसाहेब वह्या तपासत बसायच्या. ती शहाणी आज भेटली ना, तर तिच्याच पट्टीने तिच्या हातावर दोन देईन.

लेकीला म्हटलं, "आठ दिवस दे. त्या बाईला काढ आणि मला बसव."

मग आम्ही मायलेकी ती वाट चाललो आणि जागोजागी थांबून मी फोनमध्ये बोलले. "फाटकाबाहेर पडलात का? ऊन तोंडावर घ्या." "पिठाची गिरणी ऐकू येते ना? तिच्याच बाजूने चला." "निंब आला. दम खा. दोन्हीकडे पाहा, मग रस्ता ओलांडा." त्या त्या जागी हे पोचले की माझं तेवढंच बोलणं खिशातून वाजेल, असं लेकीने जमवून दिलं.

आणि जमलं की हो! हे चालायचे, खिशाला उत्तरं द्यायचे, "हो, हो, ऐकू आली गिरणी." मी वीस पावलं मागे, डोक्यावर पदर, फळांच्या गाड्यांआड लपत. चोराची बायको शोभले असते.

आठव्या दिवशी लेकही माझ्यासोबत मागे होती. रस्ता रुंद करायला आदल्या दिवशी निंब तोडला होता. खुंट आणि भुसा, बस्स. खिसा म्हणाला, "निंब आला."

हे थबकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एसटी हॉर्न वाजवत गेली. लेक धावणारच होती, मी तिचं मनगट धरलं.

यांनी खिशावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "अवं, निंब तं इथं नाही. तू चुकली वाटते."

खिसा गप्प.

"भेव नको. मी आहो ना."

मग त्यांनी खुंटाला पायाने चाचपलं, शेताच्या हद्दीचा दगड चाचपावा तसं. "निंब इथंच होता. चाल माह्या संगं." दोन्हीकडे पाहिलं, हात बाजूला धरला, जणू त्या हातात कोणाचा हात आहे, आणि हळूहळू रस्ता ओलांडला. सकाळी ज्या माणसाला सदऱ्याची गुंडी कोणत्या काजात जाते ते उमगलं नव्हतं, तो भर रहदारीतून मला पलीकडे नेत होता. मी अलीकडे उभी, तोंडात पदर. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या आत काय काय शाबूत आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

टपरीवर कोणीतरी उशीर काहून झाला विचारलं. हे म्हणाले, "घरचे चुकले होते. घेऊन आलो."

लेकीने कुलपाचं नाव काढलं नाही. डोळे पुसून एवढंच म्हणाली, "आई, निंबाचं बोलणं बदलावं लागेल."

दुपारी मी फोन घेऊन बसले. हे शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "खुंट आला. दम खा. दोन्हीकडे पाहा."

"अन् भेव नको म्हण," हे म्हणाले.

"तुम्हाला भेव वाटते तिथं?"

"मले नाही. तुले वाटते."

गाड्याआड मी यांना दिसले होते की काय, देव जाणे. मी फोन पुन्हा तोंडाशी धरला. "खुंट आला. दम खा. दोन्हीकडे पाहा. भेव नको."

यांनी मान हलवली. "आता बरोबर."