सहा नंबर — ऑनलाइन

हे वाचून काही जण हसतील... हसा. माझं कामच असं आहे की प्रत्येक बिघाडाची कुठेतरी नोंद असते आणि त्या नोंदीत कारण सापडतं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता — आजही 'आहे' असं म्हणवत नाही.

मी हुडकेश्वरला राहतो, क्रिप्टो मायनिंगची, म्हणजे अखंड आकडेमोड करून डिजिटल चलन कमावणारी, मशीनं दुरुस्त करतो. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून कस्टम फर्मवेअर टाकलं की मशीनने किती वीज खायची, किती तापायचं हे आपल्याला ठरवता येतं. माझा मित्र प्रभाकर नरखेडकडचा. संत्र्याच्या बागेला लागून त्याची टिनाची शेड, वर सोलर पॅनल, आत सहा मशीनं. चालायची फक्त दिवसा. सेटिंग मी घरूनच लॅपटॉपवर करायचो.

मे महिना, दुपारचे अडीच. सहा नंबरचं मशीन आठवडाभरापासून दुरुस्तीला माझ्याच टेबलावर होतं — उघडलेलं, वायरी काढलेल्या. मी बाकी पाचांचं व्होल्टेज उतरवत होतो. पाचही जरा तापली होती, पण आमच्याकडच्या मे महिन्यात त्याचं नवल नाही. तेवढ्यात स्क्रीनवर सहावी ओळ आली.

सहा नंबर — ऑनलाइन.

वाटलं, जुनी नोंद असेल. पेज रिफ्रेश केलं. ओळ तिथंच. तापमान चौऱ्याऐंशी... पंच्याऐंशी... आकडा चढतच होता. प्रत्येक मशीनचा स्वतःचा कायमचा नंबर असतो. तो स्टिकरवरून ताडून पाहिला. तोच! टेबलावरच्या मशीनला हात लावला — गार.

मग त्या ओळीतला 'मशीन शोधा' हा पर्याय आपोआप चालू झाला. रॅकमधलं नेमकं मशीन सापडावं म्हणून लाल दिवा लुकलुकवायची ती सोय. मी बंद केली. परत चालू. बंद केली... परत चालू.

प्रभाकरला तीनदा फोन लावला. उचलेना. मग सुनीतावहिनींना लावला.

"वहिनी, प्रभाकर कुठे आहे?"

"शेडमंदी हायेत ना, भाऊजी. पंखे साफ करून राहिले. काहून?"

"आत्ता जा तिकडे. फोन सुरू ठेवा."

चपलांचा आवाज... टिनाचं दार... आणि वहिनींची किंकाळी.

गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बंद पडला होता. प्रभाकर रॅकच्या मागे, सहा नंबरच्या रिकाम्या जागेखाली, बेशुद्ध. अंग भाजत होतं. शेजाऱ्यांनी त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं. उष्माघात. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर कठीण होतं.

त्या दिवसाच्या नोंदी मी कितीदा तपासल्या! सहा नंबरची एकही ओळ नाही. सहा नंबरला तेच फर्मवेअर, त्याच वायरी लावून पुन्हा तसं घडवायचाही प्रयत्न केला. काही नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, सगळं सांगितलं. प्रभाकर पडल्या पडल्या म्हणाला, "नेटवर्कचा लोचा असंन गा."

वहिनी मात्र माझ्यामागे दारापर्यंत आल्या.

"भाऊजी, मी त रिकाम्या हातानंच पळून राहिली होती. तुम्हीच फोनवर म्हणले — बादलीभर पाणी घेऊन जा, त्याच्या डोक्यावर टाका. तुम्हाले कसं समजलं?"

मी असं काही बोललोच नव्हतो.