डागांना झापणारी बाई

दौलताबादच्या किल्ल्यात एक बाई भिंती घासते. नाव मला ठाऊक नाही. पदर कमरेला खोचून ती काथ्या फिरवते आणि गुटख्याच्या प्रत्येक डागाला, समोर माणूस उभा असल्यासारखी झापते, "घरच्या देवघरात थुंकतूस का रं?"

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या कंपनीनं मला ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिथं एका शनिवार-रविवारी मी किल्ला पाहिला, बाग पाहिली, खेड्यातल्या एका घरात मुक्काम केला. परत आल्यापासून आपल्या लोकांचा नुसता संताप येत होता. अशात एकदा दौलताबादला गेलो, तिला भिंत घासताना पाहिलं आणि म्हणालो, "मावशी, तिथं किल्ल्यात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. बागेत वाळकं पान दिसत नाही. आणि आपले लोक बघा! एकेकाला फोडून काढलं पाहिजे."

तिचा हात थांबला.

"तुमी धरले का बूट?"

"धरले की."

"अन् थुंकलात कुठं?"

"छे! दोन दिवस पुडीला हात लावला नाही."

"व्हय? तिथं लई गुणाचे. मग इथं हनुवटी वर करून का बोलताय?"

मघाशी टाकलेली पुडी तोंडात भरून आली होती. सांडू नये म्हणून मी आभाळाकडं बघत बोलत होतो. मला भयंकर राग आला. ही कोण मला विचारणारी? पण आता तोंडच उघडता येईना.

ती भिंतीपासून बाजूला सरकली. "थुंका की. मी हायेच घासायला."

मी सगळं गिळलं. किल्ला उतरेपर्यंत घसा जळत होता, आणि मी झापायला एखादा थुंकणारा शोधत होतो.